पोलिंग एजंट म्हणून बसताय? नमुना १० पासून १७-सी पर्यंत (मराठवाडा)

बालाघाटी

आपल्याकडं मतदानाच्या आदल्या रात्री एजंट ठरतात. कोऱ्या नमुना १० वर, म्हणजे एजंट नेमायच्या कागदावर, घाईत सह्या होतात आणि केंद्रात जाऊन नेमकं काय बघायचं, काय लिहून घ्यायचं, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. दिवसभर तो याद्यांवर टिका मारतो, पाच वाजता कंटाळून उठतो आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद न घेताच घरी जातो. म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी, ज्यांना विचारायचंय त्यांनी विचारावं.

बीड लोकसभेचा २०२४ चा निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्याच वर्षी नांदेडची पोटनिवडणूक १,४५७ मतांनी. एवढ्या कमी फरकात दोन-चार केंद्रांचा हिशेब जुळला नाही तरी सगळं तिथंच अडकतं, आणि तेव्हा कामाला येते ती एजंटच्या खिशातली १७-सी ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याची, प्रत. बाकी सगळं त्या एका कागदासाठी आहे असं समजून चला.

इथं लिहितोय ते लोकसभा-विधानसभेचे नियम. जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे नमुने वेगळे असतात.

नेमणूक नमुना १० वर होते. एका केंद्राला एक मतदान प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात, पण आत एका वेळी एकच बसतो. नमुन्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते. तालुका प्रमुखाची चालत नाही. निवडणूक प्रतिनिधी म्हणजे नमुना ८ वर नेमलेला एकच माणूस. या दोघांच्या सह्यांचे नमुने निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक केंद्राध्यक्षाकडं आधीच पाठवतो आणि सकाळी केंद्राध्यक्ष ते ताडून बघतो. तीनशे नमुन्यांवर सह्या करताना निम्म्यात सही बदलते, कुणीतरी ‘साहेबांच्या वतीनं’ ठोकून देतो, आणि सकाळी साडेपाचला एजंट दारातच थांबतो. सह्या दोन दिवस आधी, एकाच माणसानं, अर्जावर केली तशीच करायची.

नमुन्याच्या खालच्या भागात मतदानाची गुप्तता राखण्याची प्रतिज्ञा आहे. तिथं घरी सही करायची नाही. ती केंद्राध्यक्षासमोरच करायची असते.

एजंट शक्यतो त्याच केंद्राचा किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. तसा मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला कुठलाही मतदार चालतो. मतदार ओळखपत्र सोबत हवंच.

तिफण

दादा, आमच्याकडं रेशन दुकानदाराला बसवायचं चाललंय. गावातल्या प्रत्येकाला तोंडानं ओळखतो म्हणून. चालतंय का? आणि सरपंच?

बालाघाटी

रेशन दुकानदार नको. अंगणवाडी सेविका, मानधनावरचे आणि अनुदानित संस्थांतले कर्मचारी, हेही नकोत. सरकारी नोकरानं एजंट म्हणून काम केलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३४-ए खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं केंद्राबाहेर काढून भागत नाही. मंत्री, खासदार, आमदार, महापौर, नगराध्यक्ष, जिल्हा परिषद अध्यक्ष आणि ज्यांना सरकारी सुरक्षा आहे त्यांनाही नेमता येत नाही. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, नगरसेवक चालतात.

तोंडओळख असलेला माणूस हवा हे मात्र अगदी खरं. तांड्यावरच्या यादीत ओळीनं राठोड, चव्हाण, पवार, जाधव असतात. नाव-वडलांचं नाव सारखं असलेले तीन-तीन निघतात. परका एजंट तिथं नुसता बसून राहतो.

मांजराकाठ

सकाळच्या दीड तासाबद्दल मी लिहितो, कारण पुढचे बहुतेक घोळ तिथंच जन्माला येतात.

मतदान ७ वाजता सुरू व्हायचं असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, ५:३० ला. केंद्राध्यक्ष एजंटांची १५ मिनिटं वाट बघतो आणि मग सुरू करतो. नंतर आलेल्याला ‘आमच्यासमोर झालं नाही’ म्हणायला जागा राहत नाही. नोव्हेंबरात त्या वेळी अंधार असतो, शाळेच्या खोलीत एकच बल्ब असतो, म्हणून वाचायचा चष्मा आणि दोन पेन घेऊनच जा.

किमान ५० मतं टाकायची. प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला किमान एक मत पडलंच पाहिजे. कोणतं बटण किती वेळा दाबलं हे एजंटांनी स्वतः कागदावर लिहायचं. मग क्लोज आणि रिझल्ट ही बटणं. कंट्रोल युनिटवरचा (अधिकाऱ्याजवळचं, मतं साठवणारं यंत्र) आकडा आणि व्हीव्हीपॅटमधून (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) काढलेल्या चिठ्ठ्या, दोन्ही आपल्या कागदाशी जुळवायच्या.

त्यानंतर क्लिअर. हीच जागा चुकते. घाईत रिझल्ट बघितला जातो, सगळे माना डोलावतात आणि क्लिअर दाबायचं राहतं. मग संध्याकाळी यंत्रात ५० मतं जास्त निघतात. एजंटनं तोंडानं म्हणायचं: ‘साहेब, क्लिअर करून टोटल दाखवा.’ शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. व्हीव्हीपॅटची पेटी उघडून रिकामी दाखवायला सांगायची. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या जाड पाकिटात सील होतात, ते पाकीट प्लॅस्टिकच्या डब्यात जातं आणि डब्याला गुलाबी कागदी सील लागतं. त्यावर एजंट सही करू शकतात. करा.

मग कंट्रोल युनिटला हिरवं कागदी सील. त्यावर छापील अनुक्रमांक असतो. सही करायच्या आधी तो उतरवून घ्या. सोबत कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांकही. हे चार आकडे सकाळी लिहिले नाहीत तर मोजणीच्या दिवशी टेबलावर आलेलं यंत्र आपल्याच केंद्राचं आहे हे कशावरून सांगणार?

मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर सही करताना आकडे भरलेले आहेत का ते बघा. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कितीही घाई असली तरी.

हुरडा

बीड लोकसभेला ४१ उमेदवार होते. मग ५० मतांत कसं बसतं?

मांजराकाठ

बसतं. ४१ आणि नोटा मिळून ४२ बटणं, प्रत्येकी एक. उरलेली ८ कुठंही वाटा. फक्त लक्षात ठेवा की ५० ही किमान संख्या आहे, जास्त टाकायला हरकत नाही.

एका बॅलेट युनिटवर १६ बटणं, म्हणजे ४२ साठी तीन युनिटं लागतात. ती क्रमानं लावलीत का हे बघणं एजंटचं काम आहे. पहिलं डावीकडं, मग दुसरं, मग तिसरं. मतदाराला आपलं चिन्ह तिसऱ्या युनिटवर आहे हे माहीत नसतं, म्हणून बाहेरच्या कार्यकर्त्यांनी ते आधीच समजावलेलं असावं. आत गेल्यावर एजंटला एक शब्द बोलता येत नाही.

रानजाई

आत बसल्यावर काय करता येतं आणि काय नाही, हे कुणी नीट लिहाल का? दर वेळी मोबाइलवरून भांडण होतं.

बालाघाटी

ताई, मोबाइल आत चालतच नाही. १०० मीटरच्या आत प्रचारही नाही. उमेदवाराचं बाहेरचं टेबल १०० मीटरच्या पलीकडं (२०२५ पर्यंत ही अट २०० मीटरची होती), एक टेबल, दोन खुर्च्या. तिथून दिली जाणारी चिठ्ठी पांढऱ्या साध्या कागदावर, तीवर उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह नको.

एजंट बसतो अशा जागी की मतदाराचा चेहरा दिसेल आणि पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं पुकारलेलं नाव-क्रमांक ऐकू येईल. मतदान कक्षाच्या आतलं दिसेल अशी खुर्ची घ्यायची नाही. कुणाला कुठं बसवायचं त्याचाही क्रम आहे: आधी राष्ट्रीय पक्ष, मग मान्यताप्राप्त राज्यस्तरीय, मग बाकीचे पक्ष, शेवटी अपक्ष. उगाच पुढच्या खुर्चीवरून वाद घालू नका.

मतदार यादीवर खुणा करा, पण बाहेर जाताना ती यादी सोबत न्यायची नाही. बदली एजंटला द्यायची. कोण येऊन गेलं, कोण राहिलं याचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून बाहेर पाठवणं हे तर बंदच. बरेच जण हेच आपलं मुख्य काम समजतात, आणि त्यावरूनच केंद्राध्यक्ष बाहेर काढतो.

ओळखीबद्दल. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोवालं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पॅन, वाहन परवाना असे १२ पर्याय आहेत. नुसती मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. छपाईतली बारीक चूक, ‘कोंडीबा’चं ‘कोंडिबा’ झालेलं, यावरून कुणाला अडवायला लावू नका.

आलेला माणूस तो नाहीच अशी खात्री असेल तर आक्षेप घ्या. त्याचं शुल्क प्रत्येक आक्षेपाला २ रुपये, रोख. सुट्टे नाणे खिशात ठेवा. केंद्राध्यक्ष आधी तुम्हाला पुरावा मागतो, मग त्या माणसाला. नोंद नमुना १४ मध्ये होते. आक्षेप खरा ठरला तर मत देऊ देत नाहीत आणि त्या माणसाला पोलिसांकडं सोपवतात. खोडसाळ ठरला तर २ रुपये जप्त. आक्षेप फक्त ओळखीवर घेता येतो. ‘याचं वय १८ नाही’, ‘हा गावात राहत नाही’ हे त्या दिवशी चालत नाही. यादीत नाव आहे म्हणजे आहे. ते भांडण यादी बनतानाच करायचं.

तिफण

ऊसतोडीला गेलेल्यांचं काय? आमच्याकडं नोव्हेंबरात निम्मं गाव कारखान्यावर. मुकादमानं गाडी करून आणलं तर बूथवर म्हणतात, तुमचं नाव वेगळ्या यादीत गेलंय.

बालाघाटी

ती एएसडी यादी. अनुपस्थित, स्थलांतरित, मयत. त्या यादीत नाव आहे म्हणून मताचा हक्क जात नाही. फक्त तपासणी कडक होते: केंद्राध्यक्ष स्वतः ओळखपत्र बघतो आणि १७-ए नोंदवहीत, म्हणजे मत द्यायला आलेल्यांच्या वहीत, सहीबरोबर अंगठाही घेतला जातो. एखादा अधिकारी ‘तुम्ही स्थलांतरित’ म्हणून परत पाठवत असेल तर एजंटनं शांतपणे हे सांगायचं. बीड, जालना, धाराशिवच्या कितीतरी गावांत खऱ्या माणसाचं मत असं जाऊ शकतं.

आणि उलटंही बघायचं. गावात नसलेल्याच्या नावावर दुसरं कुणी येतं ते याच यादीतून. एजंटनं आदल्या दिवशी ती यादी गावच्या माणसाकडून वाचून घ्यावी: कोण खरंच मयत, कोण कारखान्यावर, कोण पुण्याला.

एखादा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच मत पडलंय, तर तो रिकाम्या हाती परत जात नाही. ओळख पटली तर त्याला प्रदत्त मत देता येतं. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर. नोंद १७-बी मध्ये. हे मत मोजणीत धरत नाहीत, पण सीलबंद राहतं आणि पुढं कोर्टात गेलं तर पुरावा होतो.

कयाधू

व्हीव्हीपॅटमध्ये दुसऱ्यालाच मत दिसलं असं कुणी म्हणालं तर?

मांजराकाठ

नियम ४९-एमए. चिठ्ठी ७ सेकंद दिसते. मतदार तक्रार करत असेल तर केंद्राध्यक्ष आधी खोट्या प्रतिज्ञेचे परिणाम सांगतो आणि लेखी प्रतिज्ञा घेतो. मग १७-ए मध्ये त्याची दुसरी नोंद होते आणि एजंटांसमोर तो चाचणी मत टाकतो. तक्रार खरी निघाली तर मतदान लगेच थांबतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवलं जातं. खोटी निघाली तर ते चाचणी मत कोणत्या उमेदवाराला गेलं हे १७-सी वर लिहितात आणि मोजणीत वजा करतात. एजंटनंही ते टिपून ठेवायचं.

बिघाडाचंही सांगतो. फक्त व्हीव्हीपॅट बंद पडलं तर तेवढंच बदलतात, पुन्हा मॉक पोल नाही. कंट्रोल युनिट किंवा बॅलेट युनिट बिघडलं तर पूर्ण संच बदलतो, आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एकेक मत टाकून मॉक पोल होतो. मग तुमच्याकडं दोन कंट्रोल युनिटांचे क्रमांक, दोन हिरवी सीलं हवीत. जुन्या संचातली मतंही मोजली जातात, विसरू नका.

व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवू देऊ नका. आतला सेन्सर जास्त उजेडानं गडबडतो. २०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत यंत्रं बंद पडली त्यात हेच कारण आयोगानं सांगितलं होतं. वीज जाण्याची मात्र काळजी नको, सगळा संच बॅटरीवर चालतो.

बालाघाटी

आता संध्याकाळ. इथं मला सगळ्यात जास्त जोर द्यायचाय.

६ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतो, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढं. शेवटचं मत पडल्यावर क्लोज बटण. त्यानंतर त्या यंत्रात मत जात नाही. पडद्यावर एकूण मतं दिसतात, तो आकडा स्वतः बघून लिहा.

मग नमुना १७-सी, भाग १. त्यात ताळा असा असतो: १७-ए मध्ये समजा ८४२ जणांची नोंद. त्यातल्या एकानं सही केल्यावर मत द्यायला नकार दिला, हे ४९-ओ. गुप्तता मोडल्याबद्दल कुणाला मत नाकारलं असेल तर ते ४९-एम, समजा शून्य. यंत्रात मग ८४१ हवेत. ८९१ असतील तर मॉक पोल साफ झाला नाही, एवढं साधं आहे. एक-दोनचा फरक असेल तर तिसरा मतदान अधिकारी बॅलेट सोडतो, म्हणजे पुढच्या मतासाठी यंत्र खुलं करतो, तिथं चूक झालेली असते. सही करून मतदार मत न देताच निघून गेला, किंवा एकाच्या बटणावर दुसरा गेला. फरक असेल तर तो १७-सी वर तसाच लिहायला लावा. ‘उद्या बघू’ ऐकू नका.

नियम ४९-एस प्रमाणं मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक एजंटला १७-सी ची खरी प्रत द्यायची असते, पोच घेऊन. हजर हा शब्द महत्त्वाचा. पाच वाजता उठून गेलेल्याला ती मागायचा हक्क राहत नाही. म्हणून संध्याकाळच्या पाळीला सगळ्यात चिवट माणूस ठेवा. प्रतीवर केंद्राध्यक्षाची सही आहे का, कंट्रोल युनिटचा आणि हिरव्या सीलचा क्रमांक सकाळच्या आपल्या नोंदीशी जुळतो का, सगळे रकाने भरलेत का, हे तिथंच उभं राहून बघा. यंत्रांच्या पेट्यांवर केंद्राध्यक्षाच्या सीलसोबत एजंटलाही आपलं सील लावता येतं.

प्रत त्याच रात्री निवडणूक प्रतिनिधीकडं. एजंटच्या शर्टाच्या खिशात राहिली आणि धुण्यात गेली तर काही उपयोग नाही.

कयाधू

नांदेडला २० नोव्हेंबर २०२४ ला लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी होती. तेव्हा?

बालाघाटी

भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड या सहाही ठिकाणी दोन संच, दोन हिशेब. १७-सी पण दोन. असं पुन्हा आलं तर दोन्ही निवडणुकांचे एजंट वेगळे ठेवा आणि यंत्रांचे क्रमांक वेगळ्या कागदांवर लिहा. एकाच कागदावर लिहिले की मोजणीला कोणता आकडा कशाचा हेच कळत नाही.

पैनगंगा

मोजणीचं मी पुरं करतो.

मतमोजणी प्रतिनिधी नमुना १८ वर, फोटोसह. यादी मोजणीच्या ३ दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं पोचली पाहिजे. साधारण १४ टेबलं असतात, प्रत्येकाला एक प्रतिनिधी, आणि निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलाला वेगळा. तो शेवटचा नीट शिकलेला हवा, कारण टपाली मतपत्रिका तिथं मोजतात, ८ वाजता. यंत्रांची मोजणी ८:३० ला सुरू होते.

आत पेन, कोरा कागद आणि १७-सी ची प्रत नेता येते. मोबाइल नाही. एका टेबलावरून दुसरीकडं फिरता येत नाही. म्हणून १७-सी च्या प्रती आदल्या रात्रीच टेबलवार लावा. १४ टेबलं असतील तर पहिल्यावर १, १५, २९ अशी केंद्रं येतात, पाचव्यावर ५, १९, ३३. प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात त्याच्या टेबलाचा गठ्ठा फेरीच्या क्रमानं द्या. गावांच्या नावानं लावलेला गठ्ठा तिथं काही कामाचा नाही, शोधेपर्यंत यंत्र पुढं गेलेलं असतं.

यंत्र टेबलावर आलं की आधी पेटीचं सील, मग कंट्रोल युनिटचा क्रमांक, मग हिरव्या सीलचा क्रमांक. मग टोटल, ती १७-सी शी जुळवायची. त्यानंतरच रिझल्ट. आकडा निसटला तर पुन्हा दाखवायला सांगा, लाजू नका. क्रमांक किंवा टोटल जुळत नसेल तर त्याच क्षणी लेखी द्या. असं यंत्र बाजूला ठेवतात. आधी विजयाचं अंतर अशा यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा कमी असेल तरच त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजत, २०२५ पासून टोटल १७-सी शी जुळत नसेल तर त्या मोजतात. लेखी दिलं नाही तर मात्र सगळं हवेत राहतं.

याशिवाय प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या सोडत काढून मोजतात. ही संख्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानं आली. यंत्र आणि चिठ्ठ्यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

रानजाई

दिवसभर वापरलेल्या यंत्राची बॅटरी मोजणीला ९९ टक्के कशी, असं दर वेळी म्हणतात. प्रतिनिधीनं आक्षेप घ्यावा का?

पैनगंगा

नुसत्या त्यावर नको. पॉवर पॅकचा दाब ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडद्यावर ९९ च दिसतं, असं आयोगाचं स्पष्टीकरण आहे. तुमचा वेळ क्रमांक जुळवण्यात घाला. क्रमांक चुकला असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं, बॅटरीला नाही.

हुरडा

आणि फेरमोजणी?

पैनगंगा

नियम ६३. सगळ्या फेऱ्यांची बेरीज नमुना २० वर जाहीर होते, तेव्हा निर्णय अधिकारी थोडा थांबतो. अर्ज तेवढ्यातच द्यायचा, लेखी आणि कारणांसह. उमेदवार नसेल तर निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधीही देऊ शकतो. ‘फरक कमी आहे’ हे कारण पुरत नाही. कोणतं टेबल, कोणती फेरी, कोणतं केंद्र, १७-सी वर काय आणि पडद्यावर काय, असं लिहा. निकाल एकदा घोषित झाला की निर्णय अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही, मग फक्त निवडणूक याचिका, ४५ दिवसांच्या आत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानं आणखी एक दार उघडलंय. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालापासून ७ दिवसांत लेखी मागणी करून विधानसभा मतदारसंघातल्या ५ टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची (यंत्रातली चिप) तपासणी मागू शकतो. खर्च आधी भरायचा, गडबड सिद्ध झाली तर परत. कोणतं केंद्र मागायचं हे ठरवतानाही पुन्हा त्याच १७-सी च्या गठ्ठ्यात बघावं लागतं.

तिफण

जिल्हा परिषदेला पण हेच धरून चालू का?

मांजराकाठ

यंत्र, क्लोज, टोटल, सील, क्रमांक लिहून घेणं, हे सगळं तसंच करा. पण तिथं आजवर व्हीव्हीपॅट नाही, म्हणजे चिठ्ठ्यांचा आधार नाही. आणि मतदार दोन मतं देतो, एक गटाला (जिल्हा परिषद), एक गणाला (पंचायत समिती). त्यामुळं दोन्हीचा हिशेब वेगळा लिहा, आणि नेमणुकीचा नमुना तहसीलमधूनच घ्या. विधानसभेचे उरलेले नमुना १० तिथं वापरू नका, परत पाठवतील.